दुर्बीण मैफलीला जाते

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. मला डोळे आहेत, कान नाहीत. तरीही मी एका मैफलीला जाऊन आले आहे, आणि ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. तिथला कारागीर काच घासत बसे, उजेडाकडे धरून बघे आणि मनासारखी झाली नाही की पुन्हा घासायला घेई. माझ्या भिंगांनी त्याचा चांगलाच घाम काढला. पुढे मी एका मालवाहू बोटीवर गेले आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात दिवसभर मिरवू लागले. समोरच्या बोटीचा कप्तान आमच्या नावाने काय बडबडतो आहे, हे ओठांवरून ओळखायला मी तिथेच शिकले. ते शब्द मात्र तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत.

एकदा मी डेकवर आपटले आणि मला एका बोटीच्या जागी दोन बोटी दिसू लागल्या. अधिकाऱ्याने मला एका चष्म्याच्या दुकानात दुरुस्तीला टाकले आणि तो जो गेला तो गेलाच. चष्मेवाल्यांनी मला नीट केले, बरीच वाट पाहिली आणि शेवटी वरच्या फळीवर ठेवून दिले. धुळीने माझे डोळे भरले. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचे.

फळीवरून मला दुकान आणि आतली खोली दोन्ही दिसत. चष्मेवाल्यांची बायको एका बँडसाठी वेडी होती. व्हायोलिन, गिटार, अ‍ॅकॉर्डियन आणि ड्रम असे चौघेच वादक, पण एकेकाचा हात असा की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. त्यांची एकूण एक धून बाईंना पाठ होती. भाजी चिरतानासुद्धा त्यांची सुरी त्याच तालात चाले. बँड शहरात आला की त्या नवऱ्याला ओढून नेत. चष्मेवाल्यांना संगीतातले ओ की ठो कळत नसे. ते खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या घेत, आणि टाळ्या पडल्या की दचकून जागे होऊन सगळ्यांत मोठ्याने दाद देत. घरी येऊन बाई हे लेकीला सांगत आणि हसून हसून बेजार होत.

मग हळूहळू बाईंना ऐकू येईनासे झाले. कानातल्या यंत्राचाही उपयोग होईना. त्या ओठ वाचायला शिकल्या, पण रेडिओला ओठ नसतात. त्यांनी तो शेजारणीला देऊन टाकला.

बऱ्याच वर्षांनी तो बँड पुन्हा आला. चौघेही आता म्हातारे झाले होते आणि परत येतील याचा भरवसा नव्हता. लेकीने आईवडिलांसाठी दोन तिकिटे आणली.

"भरल्या ताटासमोर उपाशी बसायला मी कशाला जाऊ?" बाई म्हणाल्या.

चष्मेवाले उठून फळीपाशी आले. त्यांनी मला फळीवरून काढले, मऊ कापडाने पुसले आणि बायकोच्या हातात दिले.

आमच्या खुर्च्या पार मागे होत्या. वादन सुरू झाले तसे बाईंनी मला डोळ्यांना लावले. मी त्यांना व्हायोलिनवाल्याची बोटे इतकी जवळ आणून दिली की नखेही दिसावीत. बोटे तारांवर पळू लागली आणि बाईंचे ओठ हलू लागले. धून पाठच होती, त्यामुळे बोटांवरून त्यांना ती आतल्या आत ऐकू येत होती. अ‍ॅकॉर्डियनवालीची अवघड जागा आली तेव्हा त्यांनी श्वास रोखला आणि ती बिनचूक पार पडल्यावर सोडला. मला अगदी धन्य वाटले.

मग चौघांनी एक नवीच धून काढली. बोटे भलतीकडे जाऊ लागली. बाईंनी थोडा वेळ पाहिले आणि मला मांडीवर ठेवले.

"अहो, हे मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. आपला आवाज केवढा चढला हे त्यांना कळले नाही. पुढच्या दोन रांगा मागे वळून पाहू लागल्या. बाई ओशाळल्या आणि पिशवी उचलून उठू लागल्या.

त्या दिवशी चष्मेवाले टक्क जागे होते. त्यांनी बाईंना हाताला धरून खाली बसवले, मला पुन्हा त्यांच्या डोळ्यांपाशी नेले आणि त्यांच्या पाठीवर बोटांनी ताल धरला. बाईंनी मला ड्रमवाल्याकडे वळवले. त्याच्या काठ्या मला स्वच्छ दिसत होत्या, आणि पाठीवरची थाप बाईंच्या हातांतून माझ्यापर्यंत पोचत होती. चष्मेवाल्यांचा ताल साफ चुकत होता. काठी पडून गेल्यावर त्यांचे बोट पडे.

बाईंचे खांदे हलू लागले. मला वाटले, रडताहेत. पण त्या हसत होत्या.

"अहो, तुम्ही मागे पडताय," त्या म्हणाल्या, आता अगदी हळू.

चष्मेवाल्यांनी आपला तळवा पुढे केला. बाईंनी एका हाताने मला धरले, नजर ड्रमवाल्यावर ठेवली आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याच्या तळव्यावर ताल दिला. तो कुठेही चुकला नाही. धून संपून सगळे सभागृह उभे राहिले, तेव्हा त्याही उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी दुर्बीण असेल तर तिची भिंगे सदऱ्याच्या बाहीने पुसू नका, ओरखडे पडतात. आणि घरात कुणाला ऐकू येत नसेल, तर त्यांना काय कळणार असे म्हणून मागे ठेवून जाऊ नका. बरोबर न्या, शेजारी बसा, पाठीवर ताल धरा. तुमचा ताल चुकला तर ते सुधारून देतील. तुम्ही हात तेवढा काढून घेऊ नका.