मामांचा आवाज नव्या कार्डावर

रतनमामांच्या म्युझिक प्लेअरमधली हार्ड डिस्क टकटक करू लागली, तेव्हा मी त्यांना तो पुन्हा लावू नका म्हणून सांगितलं. फिरणारी तबकडी असा आवाज करू लागली की ती फार दिवस टिकत नाही.

घशाच्या ऑपरेशननंतर मामांचा आवाज गेला. त्याआधी सोमाटण्याच्या बुद्धविहारात रविवारची वंदना तेच घेत. कारखान्यात पाळी असेल त्या रविवारसाठी त्यांनी ती कधीकाळी घरीच रेकॉर्ड करून ठेवली होती. ती या प्लेअरवर होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. आता दर रविवारी प्लेअर स्पीकरला जोडतात आणि मामा शेजारी बसतात. मी फिजिक्सची पदवीधर, म्हणून काम माझ्याकडे आलं.

मेमरी कार्ड तळेगावहून आणलं. डिस्कच्या जागी ते बसवायची छोटी पट्टी ऑनलाइन मागवली. आधी डिस्कवरचं सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं. ‘काही भाग वाचता आले नाहीत’ असा संदेश आला. मग प्लास्टिकच्या पातळ पात्याने झाकण सोडवलं, डिस्क काढली, पट्टीवर कार्ड बसवलं, फाइल भरल्या. प्लेअर सुरू झाला. मी हेडफोन लावले.

मामांची एक ओळ आली, पुढे पंख्याच्या घरघरीखेरीज काही नाही. दुसरी ओळ, पुन्हा काही नाही. लॅपटॉपवर आलेख पाहिला तर प्रत्येक ओळीनंतर जवळजवळ सपाट रेघ.

मी प्लेअर घेऊन तशीच मामांकडे गेले. ते ओट्यावर कोथिंबीर निवडत होते.

"मामा, निम्मीच वंदना वाचली," मी म्हणाले.

त्यांचा हात थांबला. त्यांनी हेडफोनची वायर उपसली, प्लेअर स्पीकरला जोडला आणि सुरू केला.

एक ओळ झाली. आत भाकरी थापता थापता शकुमामींनी तीच ओळ म्हटली. दुसरी झाली. मामींनी तीही म्हटली. मामांचे खांदे हलू लागले. ते हसत होते.

"मामी, तुम्ही मध्येच का म्हणताय?"

"मग कोन म्हननार? ह्यांनी म्हनायचं, आपन मागनं म्हनायचं. इतकी वर्सं इहारात काय करत हुतीस, रेणुके?"

मी म्हणतच होते. त्या जागा रिकाम्या असतात, हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. हरवलेल्या भागात पंख्याची घरघर कशी येईल, एवढंही सुचलं नाही. न वाचलेले भाग नंतर तपासले. ते कुणाच्या तरी लग्नातल्या बँडचे निघाले.

मामांनी रेकॉर्डिंग पुढे नेलं. पंचशीलातलं पाचवं शील, सगळ्यांत लांबलचक शब्दांचं. त्यापुढची जागा मात्र फारच मोठी होती.

"ही तुजी," मामी दारात येऊन म्हणाल्या. "ल्हानपनी हितं तुजी जीभ अडायची. तुला म्होरं बसवूनच भरलंय ह्ये, तू नुसती व्हट हलवत हुतीस. तुजं पुरं झाल्याबिगर ह्ये फुडं गेलं न्हाईत. अख्खा इहार अजून तुज्यापायी थांबतोय, बग."

"मामा, कमी करता येईल. करू?"

मामांनी मान हलवली. नाही. मग ते शील पुन्हा लावून माझ्याकडे बोट केलं.

मी ओळ म्हटली, न अडता. तरी जागा उरली. तेवढ्या वेळात मामांचे आभार मानावेत म्हणून मी तोंड उघडलं, पण स्पीकरमधले मामा पंचशील संपल्यावरचं ‘साधु’ म्हणाले, आणि मी त्यांच्या मागून तेच म्हटलं.