दारावरच्या दिव्याचं बटण

घर विकायला काढलं तेव्हाच एजंटाने म्हाताऱ्या वायरमनला बजावलं होतं, "काका, गिऱ्हाईक आलं की तुम्ही फाटकाबाहेर थांबायचं. मालक मध्ये मध्ये बोलला की सौदा फिसकटतो." आता स्वतःच्याच घराबाहेर ताटकळायचं म्हणजे कमालच झाली! पण वायरमन मुकाट्याने थांबला. तीन खोल्यांचं बैठं घर ते. आतलं सगळं बोलणं खिडकीतून ऐकू येत होतं.

"दारावरच्या दिव्याचं बटण स्वयंपाकघरात, ओट्याजवळ?" घर बघायला आलेल्या बाईंनी विचारलं. "हे कुठल्या शहाण्याने केलंय?"

"जुनं वायरिंग हो, ताई. चुकून झालं असेल. बदलून देऊ," एजंट म्हणाला.

वायरमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकून? उभ्या आयुष्यात त्याने एक बटण चुकीच्या जागी बसवलं नव्हतं. हे तर बायकोने हट्टाने तिथे बसवून घेतलं होतं. संध्याकाळी कोपऱ्यावर त्याच्या सायकलची घंटा वाजली की भाजी ढवळता ढवळताच तिला दिवा लावता यायचा. ती गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो आपला अंधारातच कुलूप चाचपडायचा.

आत जाऊन चार शब्द सुनावावेत म्हणून त्याने फाटकाला हात घातला. तेवढ्यात बाईंनी बटण दाबून बघितलं. तिन्हीसांजेच्या अंधारात दारापासून फाटकापर्यंत लख्ख उजेड पडला.

"आलो गं!" तो मोठ्याने म्हणून गेला.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका अनोळखी बाईने, कोण आलं म्हणून, वाकून बघितलं.