दात असलेलं बदक

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. ती घरीच कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून तोंडाचे साचे यायचे, आणि ती मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवत राहायची. तिचं टेबल वडिलांच्या खाटेला अगदी चिकटून होतं. ती नजरेआड झाली की वडील खाटेच्या दांडीला बसवलेली सायकलची घंटी वाजवत. लकवा मारल्यापासून त्यांचा एकच हात चालायचा आणि तो त्याच कामाला लागलेला असायचा.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मैदान दिसे. रविवारी तिथे काही मोठी माणसं पुठ्ठ्याच्या नळ्यांची रॉकेटं उडवत. भांडी घासता घासता ती बघायची. एकदा तिने मनाशी काहीतरी ठरवलं आणि तसलं किट मागवलं.

किटमधलं रॉकेट लाल-पांढरं, सरळसोट होतं. तिला ते बघूनच कंटाळा आला. तिने टोकाच्या शंकूवर मेण चढवून चोच कोरली, तिच्यावरून साचा काढून हलकी चोच ओतली, शेपटीच्या पंखांना पिसांचा आकार दिला. नळी पिवळी रंगवली. मग उरलेसुरले दात चोचीत ओळीने बसवले. बदक फिदीफिदी हसायला लागलं.

"बदकाला दात?" वडील म्हणाले.

"म्हणून तर लावले."

"कामधंदा नाही तुला." पण ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते.

उडवण्याआधी तोल तपासायचा होता. रॉकेटला मधोमध दोरी बांधून गरगर फिरवायचं. चोच पुढे राहिली तर ठीक. खोलीत खाट आणि टेबल सोडून हात पसरायलाही जागा नव्हती. ती गच्चीवर गेली. बदक तिच्याभोवती झकास फिरलं, चोच पुढे. खालून घंटी वाजत होती. तिने आणखी एक फेरी मारली आणि मग धावत खाली आली.

"कुठे मेली होतीस?" वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला वाटलं, गेलीस."

रविवारी धाकटा भाऊ दोन तास बसायला कसाबसा तयार झाला. "या वयात रॉकेट, ताई?" असं म्हणत त्याने खुर्ची ओढली.

मैदानात रॉकेटं उडवणाऱ्यांच्या क्लबच्या बाईंनी बदक हातात घेतलं आणि त्या पोट धरून हसल्या. "असलं आमच्याकडे कुणी केलं नाही हो!" त्यांनी वायर जोडून बटण तिच्या हातात दिलं. तेवढ्यात कमरेला खोचलेला फोन थरथरला. तिने तो उचलला नाही. बटण दाबलं. बदक फुस्स करून असं काही वर गेलं, की तिची मानच मागे पडली. वर एक ठिपका, मग त्यातून पॅराशूटची छत्री उघडली. फोन अजून थरथरत होता. छत्री जमिनीला टेकण्याआधीच तिने तो कानाला लावला.

"पाणी पीत नाहीत माझ्या हातून," भाऊ म्हणाला. "तुलाच बोलावतायत. मी काय करू?"

बाई बदक घेऊन आल्या. एक दात निखळला होता, बाकी सगळं शाबूत होतं. "पुढच्या रविवारी या," त्या म्हणाल्या.

"येते," ती बोलून गेली.

घरी पोचली तेव्हा भाऊ बूट घालूनच दारात उभा होता. "पुढच्या रविवारचं मला विचारू नकोस," तो म्हणाला आणि जिना उतरला.

तिने वडिलांची मान उचलून भांडं ओठांना लावलं. ते घटाघटा प्यायले.

"उडालं?"

"उडालं."

"किती वर?"

"ठिपका झाला होता."

वडील छताकडे बघत राहिले. "तू परत आलीस ते बरं झालं," ते म्हणाले आणि तिचा पदर मुठीत धरून झोपी गेले. तिने पदर सोडवून बघितला. मूठ घट्ट होती. हात लांब करून तिने टेबलावरचा साचा ओढून घेतला आणि तशीच बसून सोमवारी द्यायच्या कवळीचे दात लावायला लागली.