वरळीचा हगामा

आमच्याकडे कुस्त्यांच्या फडाला हगामा म्हणतात. जत्रा कुठल्याही गावची असो, दुपार कलली की पुरुष हगाम्याला आणि बायका चुलीपाशी, हा नियम. हगाम्यावर बाईची सावली पडली तर पैलवान पडतो म्हणे. मी हसीना, मीरासाहेब वस्तादांची बायको. दौंडात रेल्वेच्या चाळीमागं ह्यांची तालीम आणि तालमीच्या भिंतीला लागूनच माझं स्वयंपाकघर. पोरांच्या थंडाईसाठी बदाम वाटायचे मी, त्यांचे सुजलेले कान शेकायचे मी, वस्तादांचा मार खाऊन रुसले तर समजूत घालायची मी, आणि ती लढताना बघायची मात्र सगळ्या मुलखानं. पोरगा जिंकून आला की तालमीत फेटे उडायचे आणि मी भिंतीपलीकडून ऐकायचे. राग यायचा. सांगणार कुणाला? भाकरी जरा जोरात थापायचे, एवढंच.

जयसिंग केंदूरचा. आई लहानपणीच गेली. बापानं त्याला आणून वस्तादांच्या पायावर घातला आणि म्हणाला, "हाडं माझी, मांस तुमचं." मांस कुणी चढवलं ते मात्र कुणी विचारलं नाही. मिसरूड फुटायच्या आधी आलेला हा पोरगा माझ्या हातचं खाऊन इतका वाढला की आमच्या दारातून वाकून आत यायला लागला. पुढं मुंबईच्या एका गिरणीनं त्याला पैलवान म्हणून ठेवून घेतला, आणि महाराष्ट्राचं राज्य झाल्यावर दोनेक वर्षांनी त्याची पंजाबच्या एका नावाजलेल्या मल्लाबरोबर वरळीच्या स्टेडियमात कुस्ती ठरली.

गावच्या माणसाबरोबर त्याचा निरोप आला. बरोबर एक पास होता आणि तो माझ्यासाठी होता. "वस्तादांना पास कशाला? दारात माझा माणूस उभा असंल, त्यो नावानं आत घिईल. पर चाचीला आणाच. हितं बाया खुर्चीवर बसून कुस्ती बघत्यात."

मी पास हातात घेऊन उभीच राहिले. हरखले हो मी, लपवू कशाला?

भांडगावचे कोंडिबा आबा तेव्हा ओट्यावर बसलेले होते. तालमीला दुधाचा रतीब त्यांचा, त्यामुळं सल्ला देण्याचा हक्कही त्यांचाच. म्हणाले, "वस्ताद, पोराच्या जल्माची कुस्ती हाय. आन् तुम्ही बाईमाणूस नेनार? इपरीत झालं म्हंजी?"

हे उठून तालमीत गेले. झालं, संपलं, असं मला वाटलं. संध्याकाळी ताटावरून उठताना एवढंच बोलले, "पहाटंची गाडी हाय. भाकरी बांधून घे."

आबांचं बोलणं मी मनावर घेतलं नाही असं नाही. बघायचं तर होतंच, जीव तुटत होता बघायला. पण पोरगा पडला तर? उभा जन्म लोक म्हणतील, वस्तादाच्या बायकोनं पाडला. पहाटे गाडीत बसले ती हाच विचार घेऊन.

हे लोको शेडात फिटर. त्यामुळं गाडीत बसल्यावर ह्यांचा रुबाब बघावा! कुठल्या स्टेशनात इंजिन पाणी घेणार, कुठं वळण येणार, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं मला सांगत होते. घाट उतरायच्या आधी गाडीचे ब्रेक तपासले तेव्हा अर्धे खिडकीबाहेर. मीही ऐकून घेतलं, कारण माणूस आपल्या कामावर प्रेम करतो तेव्हा देखणा दिसतो. दादरला उतरलो मात्र आणि रूळ संपले तिथं ह्यांची अक्कलही संपली.

बसची रांग मी तिथं पहिल्यांदा पाहिली. माणसं एकामागं एक उभी. ढकलाढकली नाही, शिवीगाळ नाही, गिरणीकामगार पुढं आणि कोटवाला साहेब मागं, तरी साहेबाची तक्रार नाही. मला तर ती रांग बघूनच मुंबई आवडली. ह्यांना ती दिसलीच नाही. लाल दुमजली बस थांबली, आणि दौंडला एस.टी.त जागा धरायची सवय, ह्यांनी खिडकीतून टॉवेल आत फेकला. बस टॉवेल घेऊन निघून गेली.

"जागा तर धरली," मी म्हटलं, "आता बस धरा."

पुढच्या बसला आम्ही रांगेत उभे राहिलो आणि रांगेनं चढलो. वर जागा मिळाली. कंडक्टर खाकी कपड्यांतला, तरतरीत. चालत्या बसमध्ये कशालाही न धरता तो असा फिरत होता की पैलवानानं तोल राखायची कला त्याच्याकडून शिकावी. मुंबईत हिंदीच बोलावं लागतं अशी ह्यांची समजूत. म्हणाले, "भाईसाब, हगामा किधर है?"

कंडक्टर दचकला. "हंगामा? किधर हंगामा?"

"वरळी में. बडा हगामा है."

पुढच्या बाकावरच्या बाईनं मूल जवळ ओढलं. त्या वर्षांत मुंबईनं मोर्चे, दगडफेक, गोळीबार सगळं पाहिलेलं होतं. लोकांच्या मनातून ते गेलं नव्हतं. पण आमच्या वस्तादांना कुणी कुस्तीबद्दल विचारलं की थांबणं माहीत नाही. छाती पुढं काढून म्हणाले, "हजारों आदमी जमनेवाला है. हमारा लडका भी है उस में. पंजाबवाले को आज गिराता है देखो!"

कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली. बस थांबायच्या आत खालचे लोक उतरायला लागले. कुणी म्हणालं वरळीला पेटलंय, कुणी म्हणालं दुकानं बंद करा. आम्हीही खाली उतरलो, कारण सगळेच उतरत होते. हे मलाच विचारतात, "काय झालं गं?"

पिवळ्या टोपीचा एक पोलीस आला. कंडक्टरनं ह्यांच्याकडं बोट दाखवलं. पोलिसानं ह्यांचं मनगट धरलं, आणि ते त्याच्या मुठीत मावेना तेव्हा त्याचा संशय आणखीच वाढला.

"कोण पंजाबी? कुणाला मारायचं ठरलंय?"

"मारायचं न्हाई हो, पाडायचं!" हे ओरडले. "हगामा हाय, हगामा!"

"चला चौकीवर. तिथं सांगा हंगामा."

ऊन उतरायला लागलं होतं. तिकडं स्टेडियमात पोरगा लंगोट कसत असेल, दाराकडं बघत असेल, आणि इकडं आम्ही चौकीच्या वाटेला. मला काय झालं कुणास ठाऊक. इतकी वर्षं रोज सकाळी भिंतीपलीकडून ऐकत आलेले. डोक्यावरचा पदर दातात धरला, हात उचलला आणि भर रस्त्यात मांडीवर शड्डू ठोकला. असा घुमला की ट्रामच्या तारेवरचे कावळे उडाले.

"ही कुस्ती! हिला आम्ही हगामा म्हन्तो! आमचं लेकरू लढनार हाय आन् आमाला उशीर हुतोय, सोडा माझ्या मालकाला!"

मग त्या पोलिसाचे डोळे मोठे झाले. हसला तो. हात सोडून त्यानं ह्यांना वाकून नमस्कारच केला.

"कुस्ती व्हय! मामा, मग मैदान म्हणा की! मी कराडचा. आमच्याकडं मैदान म्हणत्यात. हगामा म्हंजी इथं दंगल." मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मावशी, शड्डू लई भारी बसला बघा."

भला माणूस. त्यानं पुढची बस हात करून थांबवली आणि कंडक्टरला सांगितलं, ह्यांना स्टेडियमच्या दारात उतरव, वस्ताद आहेत. त्या कंडक्टरनं बाकावरचे दोघे उठवून आम्हाला बसवलं. सगळी बस जयसिंगचं नाव विचारायला लागली. उतरताना एक पारशी म्हातारा टोपी काढून म्हणाला, "तमारा पोरगा जीतेल हां!" एवढं मोठं शहर, ना ओळख ना पाळख, आणि पोरगा जिंकावा असं त्याला वाटत होतं. मी त्या शहराला तिथंच मनातून दुवा दिली.

पण उशीर व्हायचा तो झालाच. स्टेडियमच्या बाहेर चिटपाखरू नव्हतं आणि आतून आवाज येत होता, घाटात गाडी शिरते तसा. जयसिंगनं दारात उभा करतो म्हटलेला माणूस नव्हता. जोड लागली म्हटल्यावर तोही आत पळाला असणार, त्याला तरी काय बोल लावायचा?

दरवानानं पास बघितला. "एका पासावर एक माणूस."

"हे जयसिंगचे वस्ताद आहेत," मी सांगितलं.

"प्रत्येकजण वस्तादच असतो, बाई. एक माणूस. लवकर बोला, कुस्ती सुरू झाली."

मी पास ह्यांच्या हातात कोंबला. "जावा तुम्ही. तुमचं पोरगं, तुमचे डाव. मला काय कळतंय त्यातलं? आन् मी आत गेले आन् काई इपरीत झालं तर?" आतून परत ओरडा झाला, आणि प्रत्येक ओरड्यासरशी कुस्ती संपत चालली होती.

ह्यांनी पासाकडं बघितलं, दाराकडं बघितलं. त्या माणसाला आतली ती कुस्ती किती हवी होती हे माझ्याइतकं कुणालाच कळणार नाही. मग माझी मूठ उघडून पास परत त्यात ठेवला आणि खांद्याला धरून मला दारात लोटलं.

"पडला तर पडंल. त्याचं त्यो बघून घिईल. त्यानं तुला बोलावलंय. जा, हसीना."

चार लोकांत ह्यांनी मला नावानं हाक मारल्याची ती पहिली वेळ.

आत काय होतं ते मी जन्मात विसरणार नाही. आमचं अर्धं दौंड मावेल एवढी जागा, वरपर्यंत माणसंच माणसं, आणि खरोखर, खुर्च्यांवर बायका. मधोमध तांबड्या मातीचा हौदा. आणि हौद्यात माझा जयसिंग. मी किती वेळ उभी होते, कुणाच्या खांद्याला धरलं होतं, काही आठवत नाही.

संपल्यावर बाहेर आले. हे फुटपाथच्या कडेला उकिडवे बसले होते, पाठ भिंतीला, कान दाराकडं. मला बघून उठले. जिंकला का हरला ते त्यांनी विचारलंच नाही.

"कसा लढला?" म्हणाले.

मला डावांची नावं येत नाहीत. मला येतं ते मी सांगितलं. "मी आत पोचले तवाच त्यो पंजाबी ह्याच्या पायात शिरला. असा पाय ओढून घेतला, इहिरीतनं घागर वडावी तसा."

"पट काढला," हे म्हणाले. "मग?"

"आपला पालथा पडला. त्यो वर. मानंवर गुडघा दिला त्यानं. लई येळ. मला वाटलं संपलं. पर आपल्यानं पाठ लावली न्हाई मातीला. कोपरं रवून ऱ्हायला आन् मग त्याच्या काखंखालनं असा सुळकन निघाला, मासोळी निसटती तसा."

"बगलडूब!" ह्यांनी स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. "माझी बगलडूब! उजवीकडनं?"

"उजवीकडनंच. समदी लोकं उभी ऱ्हायली. बायासुदिक. मग हे दोघं डोक्याला डोकं लावून ढकलत हुते. आपल्याच्या कानातनं रगत येत हुतं, पर एकदा बी मागं बघितलं न्हाई त्यानं. इतका देखना दिसत हुता वो लेकरू. तुम्ही कवा सांगितलंच न्हाई मला, त्यो लढताना असा दिसतो."

"पुढं?" हे म्हणाले. पुढचं सांगताना माझे शब्द मलाच जड झाले.

"मग त्यानं आपल्याचा हात धरला. पाठ केली आन् खांद्यावरनं घेतला त्याला. धुनं आपटत्यात तसा."

ह्या डावाचं नाव ह्यांनी सांगितलं नाही. गावातल्या पोराठोरालाही माहीत असलेला डाव तो, मलाही कळला. दारातून लोक बाहेर यायला लागले होते. जाणारे बोलत होते, पोरगा हरला पण कुस्ती केली राव.

"माझ्यामुळं," मी म्हटलं.

"गप." माझ्या दंडाला धरून त्यांनी मला लोकांच्या वाटेतून बाजूला घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पुसायला टॉवेलही नव्हता. "बगलडूब परत सांग. कसा निघाला?"

मी परत सांगितलं. कोपरं कशी रवली, मान कशी सोडवली, खांदा आधी आला की डोकं आधी आलं, सगळं. ते डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा उजवा खांदा आपोआप हलत होता.

"व्हय," ते म्हणाले. "दिसली मला."