हिरडीवरची निळी रेघ

गयास कल्हईवाल्याची बायको जाहेदा आठवडाभर पोट धरून पडली होती. औरंगपुऱ्यातल्या हकीमसाहेबांची लेक अजराबी बायकांना तपासायची. गयास तिला घरी घेऊन आला.

अजराबीनं जाहेदाला दाराशी उजेडात बसवलं आणि अंगठ्यानं तिचा खालचा ओठ ओढला. हिरड्या गुलाबी हव्यात. जाहेदाच्या पांढुरक्या होत्या, आणि दातांच्या कडेनं सुरम्यासारखी निळसर काळी रेघ उमटली होती.

"दातांना काळी मिस्सी लावतेस?"

"नाही, अजराबी. दुसरं मूलही पोटातच गेलं, तेव्हापासून सोडली."

अजराबीनं ओल्या फडक्यानं रेघ पुसून पाहिली. गेली नाही. मग तिनं हात पुढं करायला सांगितलं. जाहेदाचं उजवं मनगट लुळं पडून खाली लोंबलं.

"गयासभाई, आता तुम्ही तोंड उघडा."

"मला काय झालंय?"

"उघडा."

त्याच्याही हिरड्यांवर तीच रेघ होती.

"छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका माणसाच्या तोंडात अब्बांनी मला ही दाखवली होती. तो दिवसभर शिसं हाताळायचा. तुम्ही कल्हई कशाची करता?"

"कथलाची."

"नुसत्या कथलाची?"

"शिसंही घालतो," गयास म्हणाला. महायुद्धामुळं बाजारात कथील मिळेनासं झालं होतं. दोन वर्षं तो त्यात निम्मं शिसं मिसळत होता. भांडी तशीच चकचकीत दिसायची. घरची चिंचेची आमटीही त्याच पातेल्यात उकळायची, आणि आंबटात शिसं उतरायचं.

"माझी दोन मुलं..." जाहेदा एवढंच म्हणाली.

"ते अल्लालाच ठाऊक," अजराबी हळू आवाजात म्हणाली. "पण पोटातल्या जिवाला शिसं फार वाईट."

त्याच दुपारी गयासनं घरातली भांडी बाहेर काढली, मातीची मडकी आणली आणि तो गल्लीत दारोदार फिरला. दगडाबाईच्या दाराशी तो सगळ्यात शेवटी गेला. तिच्या सुनेला सातवा महिना होता.

"माझ्या कल्हईच्या भांड्यात रांधू नका, दगडाबाई. त्यात शिसं हाय."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाली."

दगडाबाईनं सुनेला हाक मारली. "सुनेच्या तोंडात काय बघायचं ते सांग. मीच बघते."

त्यानं सांगितलं आणि तो पाठ फिरवून उभा राहिला. आत सुनेला खिडकीशी नेल्याचं त्याला ऐकू आलं.

"रेघ नाय," शेवटी दगडाबाई म्हणाली. तिनं पातेली आणून उंबऱ्याबाहेर ठेवली. "ही घेऊन जा. पुन्हा आमच्या दारात येऊ नको."

गयासनं गल्लीतल्या सगळ्या भांड्यांची कल्हई खरवडून दिली. नवं काम कुणी दिलं नाही. तो स्टेशनावर हमाली करू लागला.

हिवाळ्यापर्यंत जाहेदाच्या पोटातल्या कळा थांबल्या. मनगटात मात्र पुरता जोर आला नाही. ती डाव्या हातानं कणीक मळायची आणि गयास समोर परात धरून बसायचा. मुलांचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही, आणि त्यालाही ते काढायचा कधी धीर झाला नाही.