टेपवर राहिलेली हाक

त्या संध्याकाळी दारव्ह्याच्या आमच्या अंगणात शेजारपाजार समुद्र ऐकायला जमला होता. तो कुणीच पाहिलेला नव्हता. आमचे हे शाळेत भूगोल शिकवतात. मुलांसाठी म्हणून नागपूरच्या मित्राचं बॅटरीवरचं टेपचं मशीन घेऊन आम्ही पार रत्नागिरीकडे जाऊन लाटांचा आवाज भरून आणला होता.

लाटा वाजू लागल्या. तांड्यावरचे खेमसिंग म्हणाले, हे त सरकी ओतल्यावानी वाजून राह्यलं. सगळे हसले. माझा जीव मात्र फिरणाऱ्या चकत्यांत अडकला होता. पुढे काय येणार ते मला माहीत होतं, आणि सासूबाई आमच्या बेबीला मांडीवर घेऊन अगदी समोर बसल्या होत्या. तेवढं पुसतो, असं हे म्हणाले होते. पुसलं की नाही, कोण जाणे.

समुद्रावर त्या दिवशी अकरा महिन्यांची बेबी कोरड्या वाळूत गोधडीवर झोपली होती. भरती-ओहोटी आम्हा दोघांनाही तोंडपाठ. पण नजर नदीकाठची. आभाळ निरभ्र, म्हणजे पाणी कशाला वाढतंय? खारा वारा मशीनला लागू नये म्हणून हे समुद्राकडे पाठ करून, कानांवर हेडफोन लावून बसले. त्यांच्यामागे चार पावलांवर गोधडी. मशीनची घरघर टेपवर येऊ नये म्हणून मी माइक घेऊन लांब खडकापाशी. बोलायचं नाही, अशी ताकीद होती.

सहज वळून पाहिलं, तर गोधडीची कड भिजून काळी झालेली. मी ‘अहो’ म्हणून दोनदा हाक मारली. कुणी कोळीण कुणाला बोलावतेय असं समजून यांनी मान खालीच ठेवली. मग मी माइक तोंडाशी धरला.

अंगणात आता तेच वाजलं. “अहो... अहो...” आणि पाठोपाठ, “पुंडलिक! पोरगी!”

धावणारी पावलं, पाण्याची छपछप, बेबीचं भोकाड.

उखाण्याबाहेर नवऱ्याचं नाव आमच्या घरात कोणत्याच सुनेनं घेतलं नव्हतं. मी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी बेबीचे तळपाय चाचपून पाहिले, जणू अजून ओले असतील.

“दोनदा अहो म्हणत कायले बसली? पयल्यांदाच नाव घ्याचं ना.”

मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, “पुंडल्या, मांगं फिरव. समुद्र नको लावू. पोट्टी रडते, तेवढंच लाव.”