लाल बाही

"अहो, शिड्या आणल्यात, पण चढणारे आणलेत की नाही?"

किल्ल्याच्या तटावरून, खाली वेढा घालून बसलेल्या हिराओका घराण्याच्या फौजेला हे विचारून दाखव, असं माझ्या मैत्रिणींनी, ओसेन आणि ओकिकूने, मला डिवचलं होतं. मीही पार घसा फोडून विचारलं! आमचे तिरंदाज खदाखदा हसले. खालून एक लाल चिलखतवाला ओरडला, "थांब पोरी, तुझ्या बापाचं मुंडकं तुझ्याच ओटीत टाकतो!"

आणि तो खरंच चढायला लागला. आम्ही धोंडे लोटले, उकळतं पाणी ओतलं. भाजलेली माणसं किंचाळत खंदकात पडली. धोंडा उचलतानाच ओसेनच्या गळ्यात बाण घुसला आणि ती माझ्या पायांवर कोसळली. तेवढ्यात तटाच्या कडेवर लाल बाही दिसली. तालमीत शिकवलं होतं तसं मी लांब दांड्याचं पातं सपकन फिरवलं. चार बोटं अलीकडे पडली, बाकीचा माणूस पलीकडे.

संध्याकाळी हिराओकांनी बायकामुलींना बाहेर जायला वाट दिली. आईने माझं गाठोडं बांधलं. बाबा म्हणाले, "नीघ गं, उद्या किल्ला पडणार."

"गाठोडं सोड, आई. बाबा, ओसेन गेली, तटावरचे दोन हात कमी झाले. माझे दोन मी कमी करणार नाही."